सिंहाने खाल्लेले रणांगण

वॉटर्लूच्या रणांगणावर आज जी गोष्ट सर्वांत आधी नजरेत भरते, ती लढाईच्या दिवशी तिथे नव्हती. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनने ती पाहिली नाही, वेलिंग्टनने पाहिली नाही, आणि त्या रविवारी तिथे मेलेल्या-जखमी झालेल्या चाळीस-पन्नास हजार माणसांपैकीही कुणी पाहिली नाही. ब्रसेल्सच्या दक्षिणेला, ब्रेन-लालूद या गावाच्या हद्दीत, गव्हाच्या आणि बीटच्या शेतांमधून मातीचा एक प्रचंड शंकू वर आला आहे. उंची चाळीस मीटरच्या थोडी वर, चढायला २२६ पायऱ्या, आणि माथ्यावर दगडी चौथऱ्यावर बिडाचा २८ टनांचा सिंह. त्याचा एक पंजा गोलावर आणि तोंड फ्रान्सकडे. पर्यटकांच्या पत्रिकांवर, टपालाच्या कार्डांवर, शाळेच्या पुस्तकांत वॉटर्लू म्हटले की हाच सिंह येतो. कानामागून आला आणि तिखट झाला, असे ज्याच्याबद्दल म्हणावे असा हा प्राणी. माझे म्हणणे असे की हे त्या लढाईचे स्मारक नव्हेच. ते एका राज्याचे स्मारक आहे, १८१५ मध्ये जन्मलेल्या आणि १८३० मध्ये मोडलेल्या राज्याचे. आणि त्याची किंमत नुसती पैशांत मोजलेली नाही. लढाईचा सर्वांत विश्वासू साक्षीदार, म्हणजे तिथली जमीन, खणून ती चुकती केलेली आहे.

प्रथम हे राज्य कोणते ते पाहू. नेपोलियनचा पाडाव होत असताना व्हिएन्नाच्या परिषदेत युरोपच्या मुत्सद्द्यांनी फ्रान्सच्या उत्तर सीमेवर एक भक्कम बांध घालायचे ठरवले. आजचा नेदरलँड्स आणि आजचा बेल्जियम एकत्र करून ऑरेंज घराण्याच्या पहिल्या विल्यमच्या हाती दिला. उत्तरेचा भाग प्रॉटेस्टंट आणि व्यापारी, दक्षिणेचा कॅथलिक. दक्षिणेतल्या सरदार-वकिलांची आणि शहरी सुशिक्षितांची भाषा फ्रेंच. दक्षिणेची लोकसंख्या तीस लाखांच्या वर आणि उत्तरेची वीस लाखांच्या आसपास, तरी प्रतिनिधिगृहात दोघांना जागा सारख्याच, पंचावन्न-पंचावन्न. शिवाय दक्षिणेचा हा मुलूख वीस वर्षे फ्रान्सचाच भाग होता, आणि वॉटर्लूला डच-बेल्जियन पलटणींत उभे असलेले कितीतरी जण त्याआधी नेपोलियनच्याच झेंड्याखाली लढलेले होते. अशा राज्याला एकत्र रक्त सांडल्याची एक तरी गोष्ट हवी होती, आणि ती हाताशी आयती होती. राजाचा थोरला मुलगा, ऑरेंजचा युवराज विल्यम, त्या दिवशी वेलिंग्टनच्या सैन्याच्या एका मोठ्या भागाचा सेनापती होता, वय बावीस. संध्याकाळच्या सुमारास त्याच्या डाव्या खांद्यात बंदुकीची गोळी शिरली. राष्ट्राने त्याला कृतज्ञतेपोटी सोस्टडाइकचा वाडा दिला. १८२० मध्ये राजाने ठरवले की जिथे युवराज जखमी झाला असे मानतात, त्याच जागी स्मारक उभारायचे. वास्तुकार शार्ल व्हान डर स्ट्राटेन, सिंहाचा शिल्पकार व्हान गेल. सिंह ओतला गेला लीएजजवळच्या सेरँग इथे कॉकरिलच्या कारखान्यात, आणि या कारखान्यात राजाचा स्वतःचा पैसा गुंतलेला होता. म्हणजे दक्षिणेचे लोखंड, उत्तरेचे घराणे, आणि दोन्हींच्या मधोमध रणांगणाची माती, अशी ती मांडणी. १८२६ मध्ये सिंह चौथऱ्यावर चढला. चौथऱ्यावर काय कोरले? फक्त तारीख, रोमन अक्षरांत. शिपायाचे नाव नाही, पलटणीचे नाही, सेनापतीचेही नाही.

आता माती. टेकाडाच्या पायथ्याचा घेर ५२० मीटर सांगतात. शंकूच्या घनफळाचे शाळेतले सूत्र लावले तर चाळीस मीटर उंचीला सुमारे तीन लाख घनमीटर माती लागते. आत सिंहाचा भार पेलायला विटांचा एक उभा खांब आहे, तो वजा केला तरी आकड्यात विशेष फरक पडत नाही. ही माती आली कुठून? बाहेरून आणली नाही. ती समोरच्याच उंचवट्याची धार खरवडून घेतली, मुख्यतः टेकाड आणि ला ए-सँत या शेतवाड्याच्या मधल्या पट्ट्यातून. लीएजकडच्या कष्टकरी बाया पाठीवरच्या टोपल्यांतून माती वाहून वर नेत, असे तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सरासरी दोन मीटर खोल खणले असे धरले, तर तीन लाख घनमीटरांसाठी पंधरा हेक्टर, म्हणजे सदतीस एकर जमीन सोलून काढावी लागते. प्रत्यक्षात खोली जागोजागी वेगळी असणार. पण एवढी माती ‘थोडीशी’ या शब्दात बसत नाही. आणि हा नुसता हिशेब नाही, याला जागेवरचा पुरावा आहे. ब्रसेल्सहून शार्लरवाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला अलेक्झांडर गॉर्डन या वेलिंग्टनच्या खासगी सहायकाचे स्मारक आहे. ते त्याच्या नातलगांनी १८१७ मध्ये, म्हणजे सिंहाच्या आधी, उभारले. तेव्हा ते साध्या जमिनीवर होते. आज त्याच्यापर्यंत जायला पायऱ्या चढाव्या लागतात, कारण त्याच्या भोवतालची जमीन खाली गेली. स्मारकाला हात लावायचा नाही म्हणून तेवढा तुकडा सोडला. समोरच्या बाजूचे हानोव्हरच्या शिपायांचे १८१८ चे स्मारकही असेच उंचावर राहिले आहे. एका कुटुंबाच्या शोकाने योगायोगाने जपलेली ती मातीची ढेप म्हणजे जुन्या जमिनीची पातळी सांगणारी मोजपट्टी आहे.

कुणी म्हणेल, दोन-चार हात उंचवटा खाली गेला तर असे काय बिघडले? लढाई दोन डोंगरांत झाली नव्हती. नेमके हेच उलट आहे. डोंगर असता तर दोन मीटरांनी काही फरक पडला नसता. मॉं-सँ-जाँचा, म्हणजे वेलिंग्टनच्या बाजूचा, तो उंचवटा इतका बेताचा होता की त्याची प्रत्येक घडी मोलाची होती. वेलिंग्टनने आपले पायदळ धारेवर उभे न करता धारेच्या पाठीमागच्या उतारावर ठेवले, बऱ्याच वेळा निजवून. समोरच्या फ्रेंच तोफखान्याला मग दिसत होते ते आकाश आणि काही विखुरलेले शिपाई. दुपारी देर्लोंचे फ्रेंच पायदळ चढ चढून आले, नंतर नेपोलियनचा सेनापती ने याच्या घोडदळाने लाटांमागून लाटा आदळल्या, शेवटी सम्राटाची खास पलटण आली. या प्रत्येकाला धार ओलांडेपर्यंत समोर काय आहे ते धड कळले नाही. म्हणजे लढाईचे सगळे कोडे त्या धारेत आहे: कुणाला कुठून काय दिसत होते आणि कुणापासून काय लपले होते. ती धार गेली की कोड्याचे उत्तर उरते, कोडे हरवते. ज्या माणसाने ही जागा निवडली त्याला जमिनीची ही भाषा कुठे शिकायला मिळाली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. बारा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई इथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी सामना दिला. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, त्याअर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने वाटाड्यांच्या सांगण्याविरुद्ध केला आणि तो खरा निघाला. म्हातारपणी, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, या प्रश्नाला त्याने वॉटर्लू नव्हे तर असई असे उत्तर दिल्याची नोंद आहे. असा माणूस आपली बदललेली धार पाहून रागावला असेल तर नवल नाही. रागावल्याची कथा प्रसिद्धही आहे. पण ती सर्वदूर पसरवली एका कादंबरीने, आणि त्या कादंबरीकडे जरा नीट पाहायला हवे.

१८६१ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर ह्यूगो मॉं-सँ-जाँच्या एका खाणावळीत मुक्कामाला होता. ‘ले मिझेराब्ल’ तिथेच पुरी झाली. तिच्यातल्या वॉटर्लूच्या प्रकरणांत ह्यूगोने एक भयंकर प्रसंग रंगवला: ओहँच्या रस्त्याची पाणंद इतकी खोल होती की नेचे चिलखती स्वार बेधडक दौडत आले आणि तीत कोसळले, एकावर एक, माणसे-घोडी चेंगरून पाणंद भरेपर्यंत. तो रस्ता होता, काही ठिकाणी खोलही होता. पण घोडदळाच्या सामूहिक मरणाची ही कथा त्या दिवशी तिथे असलेल्यांच्या कथनांत या रूपात सापडत नाही, आणि इतिहासकार ती मानत नाहीत. तरी वाचकाने ती मानली, आणि मानण्याची सोय लेखकाने स्वतःच करून ठेवली: आज ती पाणंद दिसत नाही, कारण टेकाडासाठी माती नेताना ती सपाट झाली, असे त्याने सांगून टाकले. याला म्हणतात खटला मिटवून साक्षीदार बेपत्ता करणे. जमीन जागेवर असती तर कुणीही मोजपट्टी घेऊन जाऊन पाहिले असते, खोली किती, उतार किती, दौडत्या घोड्याला ती दिसते की नाही. जमीन नाही म्हटल्यावर उरली गोष्ट, आणि गोष्ट सांगणारा ह्यूगोसारखा असेल तर तिच्यापुढे नकाशा फिका पडतो. स्मारक आठवण जपते असे आपण गृहीत धरतो. इथे स्मारकाने पुरावा हटवला आणि मोकळ्या झालेल्या जागेत दंतकथा वसली. सिंह फ्रेंचांच्या पकडलेल्या तोफा वितळवून केला, ही दुसरी दंतकथाही त्याच जातीची. त्या काळच्या मैदानी तोफा ब्राँझच्या असत आणि सिंह बिडाचा आहे. एवढे सांगूनही ती काही मरत नाही.

रणांगण मोजून जुने रूप शोधण्याची धडपड पुढे सुरू झाली, ती बहुतेक उशीर झाल्यावर. १८३० मध्ये विल्यम सायबर्न हा ब्रिटिश अधिकारी लढाईची मोठी प्रतिकृती करण्यासाठी ला ए-सँतमध्ये आठ महिने राहिला, इंच इंच जमीन मोजली, आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना शेकडो पत्रे लिहून विचारले, तुम्ही कुठे उभे होता, समोर कोण होते. इतकी चिकाटी विरळाच. पण तो आला तेव्हा टेकाड होऊन चार वर्षे झाली होती. त्याला जी धार मोजायची होती ती त्याच्या उशालाच ढीग होऊन बसली होती. सुदैवाने ब्राबांटचा भूमापक क्रान याने १८१६ मध्येच एक नकाशा छापला होता, टेकाडाच्या आधीचा. आज जुन्या भूरूपाचा जो काही अंदाज बांधता येतो तो अशा कागदांवरून आणि गॉर्डनच्या त्या मातीच्या ढेपेवरून. राजाच्या हुकमाने काही नाहीसे झाले आणि एका भूमापकाच्या नित्याच्या कामाने काही वाचले.

आता या म्हणण्यावरचा सर्वांत सबळ आक्षेप. तो डच आणि बेल्जियन वाचकाचा आहे आणि तो हलक्या हाताने बाजूला सारता येणार नाही. वॉटर्लूचा इतिहास प्रदीर्घ काळ इंग्रजांनी लिहिला, आणि तो असा लिहिला की लढले ते आपण, बाकीचे पळाले. वस्तुस्थिती अशी की वेलिंग्टनच्या सुमारे ६८,००० सैन्यात ब्रिटिश शिपाई ढोबळ मानाने एक तृतीयांश. बाकी हानोव्हर, ब्रन्सविक, नासाऊचे जर्मन, आणि डच-बेल्जियन सुमारे १७,०००. दोन दिवस आधी, कात्र-ब्राचा चौक हातातून जाऊ नये म्हणून तिथे ठाम राहिले ते कॉन्स्टन्ट रेबेक आणि पेर्पोंशे हे डच अधिकारी, वरिष्ठांचा वेगळा हुकूम बाजूला ठेवून. आणि १८ तारखेच्या संध्याकाळी सम्राटाच्या खास पलटणीचा शेवटचा हल्ला मोडताना शासेच्या डच-बेल्जियन डिव्हिजनने पुढे येऊन घाव घातला. मग या सगळ्यांसाठी एक स्मारक असले तर चूक काय? चूक काहीच नाही, ते स्मारक त्यांचे असते तर. पण टेकाड कुठे आहे? शासेचे लोक जिथून पुढे आले तिथे म्हणून ते उभारलेले नाही. पेर्पोंशेच्या निर्णयाशी त्याचा संबंध नाही. ते आहे युवराजाच्या खांद्याच्या जागी. आणि युवराजाच्या त्या दिवसाच्या सेनापतित्वाबद्दल बोलायचे तर, ला ए-सँतजवळ त्याच्या आग्रहाने ओम्टेडाची जर्मन पलटण फ्रेंच घोडदळासमोर उघडी पडली, ओम्टेडा मेला आणि पलटण कापली गेली. सगळा दोष त्याच्या माथी मारण्यात ब्रिटिश पूर्वग्रह आहे हे मान्य. तरुण होता, शूर होता, हेही मान्य. पण सतरा हजारांच्या घामाचे आणि रक्ताचे माप एका घराण्याच्या खात्यात टाकणे म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. इंग्रजांनी केलेल्या अन्यायाला हे उत्तर नव्हते. त्या अन्यायाची ही घरगुती आवृत्ती होती.

टेकाड राज्याचे स्मारक होते याचा पुरावा त्या राज्याच्या मरणाने दिला. ऑगस्ट १८३० मध्ये ब्रसेल्समध्ये ऑपेराच्या प्रयोगानंतर दंगल पेटली, महिन्याभरात क्रांती झाली आणि दक्षिणेने वेगळे होऊन बेल्जियम नावाचे राज्य उभे केले. सिंह तेव्हा चार वर्षांचा होता. ज्या एकीचे तो प्रतीक, ती संपली आणि सिंह परक्या मुलखात राहिला. पुढच्या दोन वर्षांत जे घडले ते एखाद्या नाटककाराने लिहिले असते तर फार जुळवून आणले म्हणून आपण नाक मुरडले असते. १८३२ मध्ये अँटवर्पचा किल्ला अजून डचांच्या ताब्यात होता, आणि तो सोडवायला बेल्जियमच्या मदतीला आले फ्रेंच सैन्य. त्याचा सेनापती मार्शल जेरार. हाच जेरार १८ जून १८१५ रोजी नेपोलियनचा सेनापती ग्रूशी याच्याबरोबर रणांगणाच्या पूर्वेकडे होता. तोफांचा आवाज येताच आपण तिकडे निघाले पाहिजे, असे त्याने ग्रूशीला हट्टाने सांगितले आणि ग्रूशीने ऐकले नाही, हे नेपोलियनच्या भक्तांचे सतरा वर्षांचे शल्य. आणि किल्ल्यात डचांच्या बाजूने ठाण मांडून होता जनरल शासे, वॉटर्लूच्या संध्याकाळचा तोच. त्या मोहिमेत फ्रेंच शिपायांनी रणांगणाच्या कडेच्या प्लांसन्वा गावातल्या, वेलिंग्टनच्या बाजूने लढलेल्या प्रशियनांच्या स्मारकाची मोडतोड केली, आणि सिंहाकडेही त्यांचा हात गेला होता असे सांगतात. जेरारने तो वाचवला. इकडे बेल्जियमच्या प्रतिनिधिगृहात क्रांतीचा पुढारी अलेक्झांडर जांदबियाँ याने सिंह खाली उतरवून वितळवावा आणि त्याचे तोफगोळे करावेत, असा ठराव मांडला. ठराव बारगळला. पण ज्या देशाच्या जमिनीवर स्मारक उभे आहे त्याच्याच सभागृहात, लढाईनंतर सतरा वर्षांनी, ते वितळवण्याचा विचार होतो, त्याचा अर्थ तिथल्या लोकांना ते कुणाचे आहे हे पक्के ठाऊक होते. लढाईचे म्हणून ते कुणी ओळखत नव्हते. ते राजाचे होते, आणि राजा गेला होता.

टेकाडाने कुणाला उंचावले हे पाहिले. आता ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांच्याकडे वळू. हजारोंच्या संख्येने पुरलेल्या या रणांगणावर दोनशे वर्षांत सांगाडे मोजकेच सापडले. २०१२ मध्ये टेकाडाजवळच वाहनतळाच्या कामात एक सांगाडा निघाला, आणि २०२२ मध्ये मॉं-सँ-जाँच्या शेतवाड्यात, जिथे वेलिंग्टनच्या सैन्याचे इस्पितळ होते, आणखी एक, शिवाय कापलेले हात-पाय आणि घोड्यांचे अवशेष. मग बाकीचे गेले कुठे? मेलेल्यांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेले, हे जुने ठाऊक आहे. हाडे दळून खत म्हणून वापरली, असेही त्या काळच्या वृत्तपत्रांत येत असे. २०२२ मध्ये विल्किन, शेफर आणि पोलार्ड या अभ्यासकांनी आणखी एक धागा कागदपत्रांतून बाहेर काढला: १८३० च्या दशकात या भागात बीटपासून साखर करण्याचे कारखाने निघाले, साखर गाळून पांढरी करायला हाडांचा कोळसा लागे, हाडांना चांगला भाव आला आणि सामूहिक थडगी उकरली गेली. हा निष्कर्ष आहे, प्रत्येक थडग्याची पावती नाही. पण सांगाडे सापडत नाहीत याचे इतके पटणारे दुसरे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. आता दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एका माणसाच्या बऱ्या झालेल्या जखमेसाठी तीन लाख घनमीटर माती रचली गेली. तो माणूस पुढे राजा झाला. आणि त्या मातीच्या आसपास जे परत उठले नाहीत त्यांची हाडे त्याच पिढीत बाजारभावाने उचलली गेली. टेकाड बांधणाऱ्यांनी हे केले असे मी म्हणत नाही. पण ज्या समाजाला मेलेल्यांची आठवण म्हणून टेकाड पुरेसे वाटले, त्याला थडग्यांची राखण करावीशी वाटली नाही, हे त्याच काळाचे आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा अधिक आवडतो. टेकाड नसते तर वॉटर्लूला लोक आले असते का? एक सपाट शेत पाहायला कोण येते? लोक आले म्हणून हॉटेले निघाली, १९१२ मध्ये लुई द्युमूलँचे ११० मीटर लांबीचे गोलाकार चित्र पायथ्याशी उभे राहिले, आणि रणांगणाला भाव आला म्हणूनच २६ मार्च १९१४ रोजी बेल्जियमच्या संसदेने कायदा करून सुमारे ५५० हेक्टर जमिनीवर बांधकामाला बंदी घातली. रणांगणाचे भूदृश्य राखण्यासाठी केलेला इतका जुना कायदा युरोपात क्वचितच सापडेल. तेव्हा टेकाडाने तीन डझन एकर खाल्ले आणि पाचशे हेक्टर वाचवले, असा हिशेब मांडता येतो. आकडा खरा, हिशेब मात्र अर्धा. वाचले ते पाचशे हेक्टर बहुतांशी फ्रेंचांच्या बाजूचे, दरीचे आणि कडेचे. गेली ती धार, जिच्यामुळे बाकीच्या पाचशे हेक्टरांना अर्थ होता. शिवाय कायदा कशापासून संरक्षण देत होता? शेतकऱ्याच्या नांगरापासून नव्हे. शतकी वर्ष जवळ येत असताना टेकाडाच्या पायथ्याशी जी गर्दी, खानावळी आणि प्लॉटांचे सौदे सुरू झाले होते, त्यांपासून. रोग आणि औषध एकाच दुकानातून आले, म्हणून दुकानदाराचे आभार मानायचे असतील तर माना. तरी या आक्षेपातला एक अंश मी मान्य करतो. १८१५ च्या जमिनीसाठी कुणी १८२० मध्ये आरडाओरड केलेली दिसत नाही. १९१४ मध्ये ती झाली. भूमी हाही दस्तऐवज आहे हे लोकांना मधल्या काळात उमगले, आणि ते उमगायला ही चूक डोळ्यांसमोर उभी असण्याचा उपयोग झाला असावा.

मग सगळीच स्मारके खोटी का? नाही, आणि त्यासाठी लांब जायला नको. याच शिवारात दुसरी स्मारके आहेत. प्लांसन्वामध्ये शिंकेलने आखलेला प्रशियनांचा बिडाचा निमुळता सुळका १८१९ चा आहे. तो जिथे आहे तिथे प्रशियन खरोखर घरोघर लढले, आणि तो इतका लहान आहे की गावाचा चढ-उतार त्याच्यापुढे नाहीसा होत नाही. फ्रेंचांनी १९०४ मध्ये शिल्पकार जेरोमचा घायाळ गरुड उभारला, पंख मोडलेला; राजकारण त्यातही भरपूर आहे, पुढे फ्रान्सकडे ओढा असलेले वालून लोक वर्षानुवर्षे तिथे जमत आले. पण गरुडाने जमिनीला हात लावला नाही. गॉर्डनच्या स्तंभाची गोष्ट वर आलीच. लहान स्मारक खोटे बोलले तरी त्याच्या बाजूला उभे राहून खरे पाहता येते. मोठ्या स्मारकाचा त्रास असा की ते स्वतःच्या भोवतालची जागा गिळते आणि मग त्याला खोटे पाडायला जागाच उरत नाही. टेकाडावर चढलेल्या माणसाला सगळे रणांगण पायाखाली पसरलेले दिसते, नकाशासारखे सपाट. आणि सपाट नाही हीच तर त्या रणांगणाची गोष्ट. वेलिंग्टनला, नेपोलियनला, नेला जे दिसत नव्हते तेच या उंचीवरून दिसते. म्हणून तिथून खाली पाहणाऱ्याला नेहमी वाटते की नेपोलियनने इतकी साधी चूक कशी केली. २०१५ मध्ये पायथ्याशी जमिनीखाली नवे संग्रहालय उघडले. वर काही न बांधता खाली बांधले, यात शहाणपण आहे. आता एवढेच व्हावे की वर चढण्याआधी तिथल्या माणसाला क्रानचा १८१६ चा नकाशा दाखवावा आणि गॉर्डनच्या स्तंभापाशी नेऊन सांगावे की जमीन इथपर्यंत होती.

सिंह आज कुणाचा आहे, हा प्रश्न २०१५ मध्ये पुन्हा निघाला, आणि तोही नाण्यावरून. द्विशताब्दीसाठी बेल्जियमने वॉटर्लूचे २ युरोचे नाणे काढायचे ठरवले. फ्रान्सने हरकत घेतली. अशा नाण्याने युरोपच्या एकीला बाधा येईल, असे त्याचे म्हणणे होते. बेल्जियमने मग नियमातली फट शोधली: नेहमीच्या मूल्याचे नसलेले नाणे काढायला इतर देशांची संमती लागत नाही. म्हणून अडीच युरोचे नाणे निघाले, ७०,००० प्रती, चालणारे फक्त बेल्जियममध्ये. ज्या देशाच्या सभागृहात सिंह वितळवायचा ठराव आला होता त्याच देशाने तो आता खिशात ठेवला, याचे कौतुक करायला हरकत नाही. स्मारके आपले मालक बदलतात, आणि पहिला मालक विसरला गेला की ते सोपे जाते. पण त्या नाण्यावर काय आहे ते बघा. टेकाड आहे, आणि त्याच्याबरोबर दोन्ही सैन्यांच्या रांगा दाखवणाऱ्या रेषा आहेत. त्या रांगा आणि ते टेकाड कधीही एका वेळी त्या जमिनीवर नव्हते. वेलिंग्टनच्या मधल्या रांगा जिथे उभ्या होत्या तिथलीच माती उपसून तर ते टेकाड उभे राहिले.